रानमक्याचे वीस दाणे

घणकऱ्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. साडेपाचला भट्टी पेटायची. लोहार चिमट्यात लालबुंद लोखंड धरी आणि हा त्यावर घण घाली. एकतीस वर्षं झाली. आता उजवा खांदा कामातून गेला होता. घण उचलला की डोळ्यांपुढे काजवे चमकत.

म्हणूनच रोपवाटिकेच्या बाईंनी दिलेले वीस दाणे त्याला जीव की प्राण होते. रानमका, म्हणजे मक्याचा जंगली भाऊबंद. कवच दगडासारखं. बाईंकडे ते दाणे काही केल्या रुजत नव्हते.

"घरी पाच रुजवून दाखवा," बाई म्हणाल्या, "वाफ्यांचं काम तुमचं."

कवच फोडायचं म्हटल्यावर त्याच्या हाताला हातोडीच सुचली. एक ठोका हलका, पुढचा आणखी हलका, असं करत अकरा दाण्यांचं पीठ झालं.

"अहो, त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" बायकोनं नेलकटर पुढे केलं.

उरलेल्या नऊ दाण्यांची टोकं त्यानं कणभर कुरतडली, दिवसभर भिजवली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या बंबाशेजारी उबेला ठेवली. पाचव्या दिवशी सहांना पांढरी मुळं फुटली. दुसऱ्या सकाळी बाई बघायला येणार, म्हणून त्यानं कामावर खाडा केला.

त्या सकाळी घरी ठाण मांडून बसलेल्या मेहुण्याला बूट पुसायला फडकं हवं होतं. त्यानं तेच उचललं, झटकलं आणि खाली पडलेले दाणे तुडवत बूट पुसू लागला. घणकरी दारात थिजला.

"कचराच होता की, भावोजी! या वयात भातुकली मांडलीत काय?"

घणकऱ्याची डावी मूठ जबड्यावर बसली. कडकन आवाज झाला. मेहुण्यानं स्टूल उचलून त्याच्या दुखऱ्या खांद्यावर घातलं. यानं त्याची मान धरून तोंड तापल्या बंबावर दाबलं. बायको मधे पडली, तर कुणाचं तरी कोपर लागून तिचा ओठ फाटला.

तेवढ्यात बाई आल्या. गुडघ्यांवर बसून त्यांनी रक्तातून दाणे वेचले. धड दोनच होते.

"सहा होते, बाई. याच हातांनी रुजवले."

"रुजवलेत खरे." बाईंनी दोन दाणे ओल्या कागदात गुंडाळले. "पण माझ्या वाफ्यात हे हात नकोत."

पुढचे दोन महिने त्यानं डाव्या खांद्यावरून घण घातला. त्या मजुरीतून मेहुण्याच्या जबड्याच्या तारेचे आणि बायकोच्या ओठाच्या तीन टाक्यांचे पैसे फिटले.