गोड्या पाण्याची मोटार

आमच्या थोरलीला मोटार लागायची. म्हसळा यायच्या आत तिचा चेहरा पिवळा पडे आणि पदर तोंडाशी जाई. म्हणून घरची मोटार दारात उभी असूनही माहेरी जायचं झालं की ती पायी निघे आणि तरीत बसून खाडी ओलांडे. पण त्या मोटारीची तिनं जेवढी सेवा केली, तेवढी सासूचीही केली नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी तसं बोलून दाखवलं असतं.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचे यजमान, म्हणजे माझे भावजी, बोर्ली पंचतनहून माणगावला भाड्याची मोटार चालवत. मोटार जुनी होती. किहीमला बंगला असलेल्या कुणा मुंबईच्या शेठनं ती वापरून वापरून टाकली होती आणि भावजींनी ती उचलली होती. माझे यजमान मुंबईला गिरणीत. ते गणपतीला आणि शिमग्याला येत. घरात भावजी, थोरली, तिची दोन मुलं आणि मी. शेती म्हणावी अशी नव्हती. जे काही शिजायचं ते मोटारीच्या जिवावर.

आमच्या आळीतल्या विहिरींना मचूळ पाणी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोड पाण्याची विहीर डोंगराच्या पायथ्याशी, आणि तिथून दोघी जावांच्या रोज सकाळी खेपा. पहिला हंडा मोटारीचा, तिच्या रेडिएटरात ओतायला. त्यातलं पाणी थोरली फडक्यातून गाळून वेगळ्या घागरीत ठेवी आणि त्या घागरीला घरात कुणी हात लावायचा नाही. वैशाखात विहीर तळाला जाई, झऱ्यातून वाटी वाटी पाणी जमेपर्यंत काठावर बसून राहावं लागे, तरी पहिला हंडा मोटारीचाच. आपण डोक्यावर वाहतोय ते पाणी आपल्यासाठी नाही हे मानेला बरोबर कळतं. माझी मान तेव्हापासून जी दुखते ती दुखतेच आहे.

"मानसाला मचूळ चालतं," थोरली म्हणायची. "कुरकुर करतं, पन चालतं. मोटारीला न्हाय चालत. न ती बोलत पन न्हाय."

हे वेड तिनं माहेराहून आणलं होतं. तिचं माहेर खाडीकाठचं, खारजमिनीतलं. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिथे मातीचा लांबच लांब बांध होता, आणि तिचे वडील गावाच्या वतीनं त्या बांधावर फिरत. उधाणाच्या आधी तर रोजच. खेकड्यानं कुठे बीळ केलंय ते शोधायचं आणि चिखल-पेंढा ठासून बुजवायचं, एवढंच काम. पुढे वडील अंथरुणाला खिळले. त्यांच्या जागी फिरायला कुणी गेलं नाही. आज बघू, उद्या बघू, असं पावसाळ्यापर्यंत चाललं आणि एका उधाणाला बांध गेला. शेतं खारी झाली. त्या वर्षी गावातले कमावते पुरुष उठून मुंबईला गेले, आणि मग ते गावात पाहुणे म्हणून येऊ लागले. थोरलीच्या दोन्ही भावांचं तेच झालं.

"लोकं बोलतात दर्यानं बांध फोडला," ती सांगे. "दर्या काय फोडतोय. खेकड्यानं फोडला. दर्या नुसता आत आला." संध्याकाळी मोटार दारात लागली की ती हात पुसत उठायची आणि म्हणायची, "बघते, खेकडा कुठं हाय तो."

आता शहाळ्यांची गोष्ट सांगते. हे प्रकरण थोरलीच्या हाती कारभार येण्याआधीचं. भावजी माणगावच्या बाजाराला निघाले होते, मागे टपावर शहाळी लादलेली. घाटात मोटार तापली. वाफ अशी निघाली की उतारू उड्या टाकून पळाले. जवळपास ओढा नाही, विहीर नाही. बरोबर पाण्याची घागरही नाही. भावजींनी डोकं चालवलं. मोटार निवेपर्यंत थांबले, कोयता काढला आणि एकामागून एक शहाळी सोलून पाणी रेडिएटरात ओतलं. उतारूंनी वाहवा केली म्हणे. एकानं मलईसुद्धा खाल्ली. त्या पाण्यावर मोटार माणगावला पोचली, परतही आली, आणि भावजींनी तो पराक्रम नाक्यावर आठवडाभर सांगितला. मग गोड पाणी आत शिजून चिकट झालं, नळ्या तुंबल्या आणि रेडिएटर एका जागी फुटला. तो खोलून लाँचनं मुंबईला पाठवावा लागला. दुरुस्तीला थोरलीच्या पाटल्या गेल्या. पाटल्यांचं तिनं कधी नाव काढलं नाही. पण मोटार दारातल्या मांडवात नुसती उभी होती त्या दिवसांत भावजींनी ट्रंक पुसून काढली, आत दोन सदरे घातले आणि म्हणाले, "रेडिएटर येईपर्यंत बघून येतो मुंबईला, काय काम मिळतंय का." रेडिएटर वेळेवर आला म्हणून ट्रंक परत माळ्यावर गेली. ती ट्रंक थोरलीनं पाहिली होती.

त्यानंतर तिनं भावजींना सांगितलं, "चालवायची तुमी. राखायची मी." भावजींनी ते आनंदानं मान्य केलं. अंगावरचं काम जात असेल तर कुठला पुरुष नाही म्हणतो?

मग रोजचं सुरू झालं. मोटार निवली की झाकण उघडून पाणी बघायचं. रबरी नळ्या बोटांनी दाबून बघायच्या, कुठे मऊ पडल्यात का. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं रेटायचा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि धूळ माडाच्या हिरानं एकेका फटीतून काढायची. हीर म्हणजे आपल्या खराट्याची काडी. खालून खारं लागलेलं असे, ते गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसायचं आणि वर तेलाचा हात फिरवायचा. पावसाआधी सगळं जुनं पाणी सोडून आतून धुवायची. सकाळी उतारू येऊन बसले तरी तिचं बघून होईपर्यंत मोटार हलत नसे. कुणी घाई केली तर म्हणायची, "घाटात बसन्यापरीस हितं बसा. हितं सावली तरी हाय."

ह्या सगळ्याचं फळ काय, तर काही न होणं. आमच्याच रस्त्यावर दुसरी एक मोटार होती. ती महिन्यातून एकदा तरी घाटात बसायची. तिच्या मालकाला दुरुस्तीचं सामान पेटीमागून पेटी आणावं लागे, लोक हळहळत, त्याला चहा पाजत, रात्र कशी काढली ते विचारत. आमच्याकडे विचारण्यासारखं काही नव्हतंच. मोटार गेली आणि आली. गावात म्हणत, मोटार नशीबवान आहे. भावजीही म्हणत, देवाची कृपा. थोरली ऐकायची आणि उठून खराट्यातून नवा हीर ओढायची. मला मात्र राग यायचा. देवानं कधी वैशाखात हंडा वाहिला नव्हता.

एका वैशाखात मी चिडलेच. घरात माझा वाटा संपला होता, घसा कोरडा पडला होता, आणि ती राखून ठेवलेली घागर घेऊन मांडवाकडे निघाली होती.

"बाय, घरात प्यायला तांब्याभर न्हाय, न तुमी मोटारीला पाजताय," मी म्हटलं.

तिनं घागर खाली ठेवली. आधी त्यातला तांब्याभर मला काढून दिला. मग पायरीवर बसली. ती बसलेली मला क्वचितच दिसायची.

"तुजा मानूस कदी येनार?"

"गनपतीला."

"किती दिस ऱ्हानार?"

मी तांब्या तोंडाला लावला.

"माजा रोज सांजचा येतो," ती म्हणाली. "वरडतो, मीठ कमी बोलतो, घोरतो. पन येतो. ही थांबली का तो पन गनपतीलाच येनार. म्हनून पाजते गो. मला काय मोटारीची हौस हाय?"

तिनं उरलेली घागर उचलली. मी त्यानंतर कधी कुरकुर केली नाही असं नाही. पण तिच्यासमोर केली नाही.

असं वर्षामागून वर्ष गेलं. ती थकत चालली होती. हंडा उतरवताना भिंतीचा आधार घेई, जाळी साफ करताना डोळे बारीक करी. मी म्हणे, एक दिवस राहू द्या. ती म्हणे, "खेकडा राहू देतो काय?"

मग रस्ता पक्का झाला आणि सरकारी बस सुरू झाली. पहिल्या दिवशी लोकांनी बसला हार घातला, नारळ फोडला. भावजीही नारळ घेऊन गेले, कारण न जाणं बरं दिसलं नसतं. बसचं भाडं कमी, वेळ ठरलेली, बसायला जागा ऐसपैस. लोकांना नावं ठेवायची कशी? मला जायचं असतं तर मीही बसनंच गेले असते. भावजींची मोटार नाक्यावर उभी राहू लागली. आधी अर्धी भरून जायची, मग दोन उतारू, मग एखाद्या लग्नाचं किंवा आजाऱ्याचं भाडं.

थोरलीचं काम तसूभर कमी झालं नाही. एका संध्याकाळी भावजी वैतागून म्हणाले, "अगो, धुतेस कशाला? आज ती कुठं गेलीच न्हाय."

"खारा वारा उभ्या मोटारीला पन लागतो," ती म्हणाली, आणि पुसत राहिली. भावजी तिच्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली बाजू स्वतः पुसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी मोटार विकायची ठरली, आणि गिऱ्हाईक माणगावकडून आलं. जाणता माणूस होता. त्यानं बॉनेट उघडून डोकं आत घातलं ते बराच वेळ बाहेर काढलं नाही. रेडिएटरच्या झाकणाखाली बोट फिरवून बघितलं, गंज लागला नाही. पट्टा बघितला, नळ्या बघितल्या. मोटार चालू करून कान लावला.

"ही घाटात चालली इतकी वर्षं?" त्यानं विचारलं. "बरं, आता बिघाड काय तो सांगा. मागाहून कळन्यापेक्षा आधी कळलेला बरा."

भावजींनी थोरलीकडे बघितलं.

"कायच बिघाड न्हाय," थोरली म्हणाली.

"मग इकता कशाला?"

थोरली घागर आणायला आत गेली. मोटार निघण्याआधी थोरलीनं तिच्यात पाणी घातलं आणि त्या माणसाला सांगितलं की मचूळ घालू नका, गोडच घाला, गाळून. त्यानं मान डोलावली. बाईमाणूस सांगतंय म्हणून डोलावतात तशी.

भावजींना मुंबईला कुणाचा तरी ट्रक चालवायचं काम मिळालं. निघाले ते बसनंच, दुसरं होतं काय? आम्ही दोघी नाक्यावर पोचवायला गेलो. ड्रायव्हरनं बॉनेट उघडून पाणी घालायला घेतलं होतं. भावजी टपावर ट्रंक बांधत होते आणि थोरली हळूहळू पुढे गेली. वाकून आत बघितलं. मग चाकांपाशी वाकली. ड्रायव्हरनं विचारलं, "बाय, काय हरवलं का?" तिनं मानेनंच नाही म्हटलं.

माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, "बरी राखलीय. पट्टा नवा हाय. जाळी पन साफ हाय. कोनतरी बघतंय हिच्याकडं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

बस गेली. धूळ बसेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग घराकडे निघालो. आळीच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली.

"पयल्या दिसाला काय करतेस गो तू?" तिनं विचारलं. "तो गेला का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काय न्हाय. अंथरूण एकच घालायचं, ते आठवनीत ठेवायला लागतं. दोन घातली जातात."

"व्हय," ती म्हणाली.

त्या घरात वाट बघणारी मी एकटीच होते. आता आम्ही दोघी झालो. सोबत मिळाली म्हणून मला थोडं तरी बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.