पदांच्या मधला खोकला

पावसाळ्यात नाटकं बंद असत, तेव्हा माझे बाबा दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोवणी करायचे. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकं सुरू झाली, की तीच भेगाळलेली बोटं ऑर्गनवर फिरायची. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. वडील काय करतात असं कुणी विचारलं, तर मी दोन्ही कामं सांगायचे.

बाबा गेले. त्यांचं वादन उरलं ते गुलाबकाका शिंप्यांच्या कॅसेटमध्ये. काका त्यांचे भक्तच, टेपरेकॉर्डर घेऊन रंगमंचाला खेटून बसायचे. आता त्या कॅसेट ते कॉम्प्युटरवर साफ करतात. परवा आई आणि मी दुकानात गेलो, तर काका हेडफोन लावून ऐकत होते, आणि शिलाई मशीनवरचा त्यांचा पाय बाबांच्या ऑर्गनच्या पायभात्याच्या लयीत हलत होता. वाजवणारा असा ऐकणाऱ्याच्या अंगातही मुरत असावा.

"बाई, सूर मोकळे झाले पाह्य," काका मला म्हणाले. "पण पद संपलं का तुया बापाचा खोकला येते. ठेवू का काढू?"

बाबांचा आवाज म्हणून आमच्याकडे तेवढाच आहे.

आई म्हणाली, "काढा भाऊ. पद संपेवरी दाबून ठेवत होते ते. लोकायनं ऑर्गन आयकावा."

काकांनी खोकला काढला आणि पदं लोकांना पाठवली. आता गावोगावच्या मोबाइलवर माझ्या बापाचा ऑर्गन स्वच्छ वाजतो.