पुल कॉर्डवरच्या चिंध्या

"बेल्ट बंद करा रे! मेली ती!"

बाहेर कोणीतरी ओरडलं आणि मी सेफ्टी ऑफिसातून धावत सुटलो. गोव्यातल्या सुर्ल्याच्या आमच्या खाणीच्या प्लांटवर कन्व्हेयर बेल्टखाली सांडलेलं खनिज बायका खोऱ्याने ओढतात. त्यांच्यातल्या सुनंदाच्या गळ्यातल्या टॉवेलचं टोक रोलरमध्ये गेलं होतं. मी पोचण्याआधी पार्वतीबाईंनी खोऱ्याच्या दांड्याने पुल कॉर्ड खाली ओढली, म्हणून बेल्ट थांबला. पुल कॉर्ड म्हणजे बेल्टच्या कडेने ताणलेली केबल. ती ओढली की मोटर बंद पडते.

सुनंदा खाली बसून खोकत होती. गळ्यावर लालभडक वळ. आणि माझ्या तोंडातून निघालं काय, तर, "दांडा कशाला शोधत बसलात? हाताने ओढायची ना!"

"हात पावता काय आमचो?" पार्वतीबाई कडाडल्या. "चिंध्यो तुमीच कापूक सांगल्यात ना!"

मला एकदम आठवलं. गेल्या आठवड्यात, ऑडिटच्या आदल्या दिवशी, त्या कॉर्डला जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या लोंबत होत्या. "हे काय, नवस बोललात की काय?" असं हसत मी त्या कापायला लावल्या. बायकांनी एकमेकींकडे बघत त्या कापून टाकल्या. साहेबाला कोण सांगणार?

मॅनेजरचा फोन आला. "मुरगाव बंदरात खनिजाची बोट थांबलीय. बेल्ट चालू करा."

"नाही सर. बेल्ट चालू करायच्या परवान्यावर मी सही करणार नाही."

"अहो, कॉर्डची उंची ड्रॉइंगप्रमाणेच आहे!"

"ड्रॉइंग काढणारा कधी खाली वाकून खोरं ओढत नव्हता, सर."

पलीकडे शिवी ऐकू आली. मग, "संध्याकाळपर्यंत काय ते करा."

मी टेप घेतली. बायकांना म्हटलं, काम करता तशाच वाका, आता हात वर करा. एकीचाही हात कॉर्डपर्यंत पोचला नाही; वाकलेल्या हाताला यायच्या त्या फक्त लोंबत्या चिंध्या. इतकी वर्षं मी त्याच कॉर्डसमोर ताठ उभा राहून 'ओके' लिहीत होतो. लाज वाटली.

संध्याकाळपर्यंत बेल्टच्या दोन्ही अंगांना, कमरेच्या खाली, दुसरी कॉर्ड बसली. ट्रायल सुनंदानेच घेतली. वाकली, ओढली, बेल्ट जागच्या जागी थांबला. मग तिने खिशातून लाल चिंधी काढून नव्या कॉर्डला बांधली.

"आता कशाला गं?"

"धुळीत दिसाक होयी ना, साहेब."

माझ्या चेकलिस्टमध्ये तेव्हापासून एक ओळ जास्त आहे: काहीही कापण्याआधी, ते कोणी बांधलं आणि का, हे विचारा.