हलगे मॅडमची चूक

उत्तर येत नसलं की हलगे मॅडम हातातला खडू खाली ठेवत आणि सरळ सांगत, "माहीत न्हाई मला. बघून सांगते." मुखेडच्या या बाई लातूरच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत.

भूकंपानंतर हेच वाक्य त्यांना महागात पडलं. जमीन अजून अधूनमधून हलत होती. अमावास्येला मोठा धक्का येणार, अशी आवई उठली आणि आजूबाजूची माणसं कॉलेजच्या मैदानावर पालं टाकून बसली. "काही होणार नाही, एवढंच सांगा," म्हणत प्राचार्यांनी मॅडमना पुढं केलं.

एक म्हातारा उठला. "बाई, तुम्ही सूर्यावरचं शिकवता म्हणं. मग पायाखालचं सांगा की."

"माहीत न्हाई, बाबा. कुणालाच न्हाई. तारीख सांगणारा खोटं बोलायलाय. पण भिंतीला भेग असंल तर आत झोपू नका."

लोक चिडले. अमावास्या सुखरूप गेली, तरी प्राचार्य पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

मॅडमचं संशोधन सूर्याभोवतीच्या तापलेल्या वायूवर होतं. तिथं लोखंडाच्या अणूंवर इलेक्ट्रॉन आदळतात आणि त्यातून प्रकाश निघतो. अशा धडकांचा हिशेब मांडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यावरच्या शोधनिबंधाच्या जोरावर त्यांना नांदेडला प्रोफेसरच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. मी तेव्हा त्यांच्याकडे पीएच.डी. करत होतो, म्हणून सोबत गेलो. त्यांचे यजमान अप्पा दुकान बंद ठेवून आले होते. मुलाखतीच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. आतलं सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

"या निबंधातले आकडे धरू नका, सर," मॅडम म्हणाल्या. "आदळणारा इलेक्ट्रॉन कधी कधी क्षणभर अणूतच अडकतो. ते अडकणं मी धरलंच नव्हतं. परवा लक्षात आलं."

मग एकानं विचारलं, "मग खरा आकडा किती?"

"नव्यानं मांडल्याशिवाय सांगता येणार न्हाई."

अप्पा खाली मान घालून बसले होते.

जागा दुसऱ्याला मिळाली. तोवर लातूरच्या गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लागले होते. एक क्लासवाले घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, 'हमखास यश' लिहून खाली तुमचं नाव टाकतो." मॅडम म्हणाल्या, "शिकवायला येते. हमखास काढा." ते परत आले नाहीत.

सगळा हिशेब त्यांनी पहिल्यापासून मांडला. त्यात वर्षं गेली. सूर्याच्या प्रकाशाचा अभ्यास करणारे आज त्यांचे ते दुसरे आकडे वापरतात. मॅडम प्रोफेसर मात्र झाल्या नाहीत.

त्या गेल्यावर मी अप्पांना भेटायला गेलो. ते म्हणाले, "त्या मुलाखतीच्या दिवशी बसमध्ये ती मला म्हणाली, 'अहो, न्हाई सांगितलं तर कुणाला कळंल?' मी म्हणलो, 'कुणालाच न्हाई. गप बस.' नांदेड येईपर्यंत तिनं माझा हात सोडला न्हाई. मला वाटलं, पटलं तिला."