खडू उमटेल असा फळा

कुंपणावरचा वाल यंदाही भरून आलाय. तो लावला होता पाल्यासाठी. शेंगा आमच्या घरात कुणाला फारशा आवडत नव्हत्याच.

शिरूरला एका सरकारी कचेरीत मी खरेदीच्या टेबलावर होतो. पत्नी मांडवगण फराट्याच्या पलीकडे, एका वस्तीवरच्या शाळेत शिक्षिका. तिच्या वर्गातल्या फळ्याचे पोपडे निघाले होते. शाळांसाठी नवे फळे घ्यायचं ठरलं आणि यादीत तिची शाळा आली, त्या दिवशी तिनं गोड केलं. म्हणाली, "एवढा एक फळा चांगला मिळू द्या. मग मी काही मागणार नाही."

निविदेतलं फळ्याचं वर्णन मीच लिहिलं. लांबी, रुंदी, जाडी, कडेची पट्टी, टांगायच्या कड्या. पाकिटं उघडली, मी दरांचा तक्ता केला आणि सर्वांत कमी दराभोवती नेहमीप्रमाणे लाल गोल काढला. दर दौंडकडच्या एका पुरवठादाराचा होता. फळे आले ते आरशासारखे गुळगुळीत. खडू नुसता घसरायचा.

त्याला बोलावून घेतलं. त्यानं माझाच कागद माझ्यापुढं धरला.

"सायेब, लांबी बगा, रुंदी बगा, कड्या मोजा. खडू उमटला पायजे, आसं कुठं लिवलंय?"

मी दोनदा वाचलं. लिहिलं नव्हतं.

घरी सांगितलं तर ती हसत सुटली. "अहो, फळ्यावर लिहितात, हे कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं का?"

हसली, पण वर्ग तिलाच चालवायचा होता. दुसरा फळा मिळणार नव्हता, कारण कागदोपत्री तिच्या शाळेला तो मिळाला होता. मग तिनं वाल लावला. मी पॉलिश पेपरनं फळा खरवडला. त्यानंतर महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलवर शाळेत जायचो. बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड घालून ती वालाचा पाला चुरडायची आणि फळ्यानं खडू धरावा म्हणून मी तो त्यावर घासायचो. ती मागं उभी राहून म्हणायची, "कोपरा राहिला बघा, कमी दरवाले!"

पुढच्या खरेदीत तिनं सांगितलेली ओळ मी सगळ्यांत वर लिहिली: खडू स्पष्ट उमटला पाहिजे. तेव्हाही सर्वांत कमी दरच घेतला, आणि फळे उत्तम आले. ते दुसऱ्या शाळांना गेले. ती निवृत्त झाली आमच्याच फळ्यावर शिकवून.

तिला जाऊन आठ महिने झाले. गेल्या रविवारी शाळेत गेलो. वर्गात आता पांढरा फळा आहे. आमचा व्हरांड्यात लावलाय, सुविचार लिहायला. खालचा एक कोपरा उघडा पडून चमकत होता.

पिशवीत पाला होता. चुरडायचं काम तिचं, मला ते नीट जमत नाही. तरी तेवढा कोपरा घासला. वाळेपर्यंत पायरीवर बसलो. मग खडूनं एक रेघ ओढून पाहिली.

उमटली.