कार्डिनलची हजेरी

एकाच मेलेल्या माणसाबरोबर सहा वर्षं काढली की किस्से साचतातच. माझा माणूस म्हणजे मध्ययुगातला एक कार्डिनल, पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी आणि राजाचा धाकटा मुलगा. त्याच्या चर्चमधल्या कारकिर्दीवर मी कॅनडात, रेजिनाला पीएचडी करत होते. नवरा, संदीप, नोकरीसाठी तिकडे लांब टोरांटोजवळ, मिल्टनला. माझे गाईड, आम्ही त्यांना नुसतं फादर म्हणायचो, जूनमध्ये रिटायर होणार होते. त्याआधी डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाला नाही तर सगळं मुसळ केरात.

*

हा राजपुत्र मिसरूड फुटायच्या आत बिशप झाला. वय बसत नव्हतं, म्हणून राजानं पोपकडून खास परवानगी आणली. नागपूरला आईला फोनवर हे समजवायला मला चार वाक्यं लागली. तिला एक शब्द पुरला, "वशिला." फादरना तो इतका आवडला की पुढच्या सेमिनारला त्यांनी तो फळ्यावर लिहिला.

*

पुढे आर्चबिशपच्या गादीवर बसला, तरी साहेबांनी धर्मगुरूची दीक्षाच घेतली नव्हती. संदीप म्हणाला, "लर्नर्स लायसन्सवर डायरेक्ट हायवे?"

मी हसले नाही. डिफेन्सला दोन महिने उरले होते, मला कशाचंच हसू येत नव्हतं.

*

माझा मुख्य चॅप्टर एकाच गोष्टीवर उभा होता. बाकीचे राजपुत्र दरबारात रमले, हा मात्र आपल्या धर्मप्रांतात राहून काम करत होता. पुरावा म्हणजे तिथून निघालेली, त्याच्या नावाची, त्याच्या शिक्क्याची ढीगभर पत्रं.

मग मिल्टनहून शेजारच्या जोशीकाकूंचा फोन आला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. माझं कार्ड वाचून त्यांना भरून आलं म्हणे. मी कार्ड लिहिलंच नव्हतं. ख्रिसमसनंतर मी मिल्टनला पाऊलही टाकलं नव्हतं.

"अगं, मीच केली तुझी सही," संदीप म्हणाला. "सगळेच करतात."

मग कार्डिनलच्या पत्रांचंही असंच असेल तर? दुसऱ्या दिवशी तारखा ताडून पाहिल्या. पत्रं धर्मप्रांतातून निघत होती आणि त्याच दिवशी कार्डिनल दरबारात जेवत होता. सह्या त्याच्या कारकुनाच्या.

फादरनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "चूक सापडलीये ना? मग तीच लिही."

चॅप्टर फाडून पाच आठवड्यांत नवा लिहिला.

*

डिफेन्सला टोरांटोहून आलेल्या परीक्षक बाई तीन तास एकदाही हसल्या नाहीत. शेवटी फाइल मिटून त्यांनी विचारलं, "म्हणजे हा बिशप आपल्या धर्मप्रांतात आयुष्यात एकदाही गेला नाही?"

"जिवंतपणी नाही," मी म्हटलं. "पुरायला नेला तेव्हा गेला. त्यानंतर मात्र एक दिवस रजा घेतलेली नाही."

फादर टेबलाकडे बघत राहिले. मला बाहेर थांबायला सांगून दार लावून घेतलं, आणि मग आत सगळे हसले.

दहा मिनिटांनी बाईंनीच दार उघडलं. "या, डॉक्टर."