दुसऱ्यांदा काढलेली तार

रझाकारांच्या धामधुमीत आम्ही लारीत बसून सोलापूरला पळून चाललो होतो. नळदुर्गला ड्रायव्हरनं एका मिस्त्रीपुढं लारी थांबवली. वाळका माणूस, दाढी वाढलेली, सदरा घामानं कडक झालेला. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही. हद्दीवरच्या नाक्यावर रझाकार झडतीसाठी इंजिन बंद करायला लावत, आणि बॅटरी उतरलेली असली तर ते पुन्हा लागत नसे. म्हणून डायनामो बॅटरी भरतोय की नाही, ते ड्रायव्हरला मिस्त्रीकडून बघून घ्यायचं होतं.

इंजिन चालू असतानाच मिस्त्रीनं बॅटरीची तार काढली. इंजिन आचके देऊन बंद पडलं. डायनामो वीज देतच नव्हता. त्यानं तो उघडून आतले कार्बन घासले, पट्टा ताणला, इंजिन लावून पुन्हा तार काढली. या वेळी ते चालत राहिलं. त्यानं तार बसवली, डोळे मिटून बॉनेटवर तळहात ठेवला आणि दुसऱ्यांदा खात्री करायला परत तार काढली. इंजिन चालूच राहिलं.

"मिस्तरी, झालं की आता. निघू द्या," ड्रायव्हर वैतागला.

"परवा माजी बायकू-पोरं अशाच लारीनं गेली," तो वर न बघता म्हणाला. "त्या लारीची तार म्या दुरुस्त केल्यावर एकदाच काढून बघितली हुती."

त्यानं तार बसवून बॉनेट लावलं आणि आम्ही निघालो.

नाक्यावर झडती झाली. नंतर आमचं इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. नाक्याला लागूनच जळालेली एक लारी उभी होती. तिचं बॉनेट उघडंच होतं.